संगणकाकडून अक्षर गिरवून घेणारे र. कृ.

वागळे इस्टेटमधले बहुतेक रस्ते नावांनी नव्हे, नंबरांनी ओळखले जातात. रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस, रोड नंबर अठ्ठावीस. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. पुढे पुष्कळसे कारखाने गेले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पण मधल्या गल्ल्यांतून अजूनही लेथ फिरतात, प्रेस आपटतात आणि दुपारी डबे उघडतात. अशाच एका गाळ्यात माझा छपाईचा धंदा आहे. चलनबुके, पावतीपुस्तके, डब्यांवरची लेबले आणि कारखान्यांच्या भिंतींवर लागणारे सूचनाफलक. यंत्र चालू असताना हात घालू नये, शिरस्त्राण घालावे, येथे धूम्रपान करू नये, असले साहित्य आम्ही निर्माण करतो!

सकाळी शटर वर केले की मी आधी संगणक सुरू करतो. त्यावर लिनक्स मिंट ही मुक्त संगणकप्रणाली आहे. तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत. माझ्या दहावी झालेल्या मदतनिसाला ती दोन दिवसांत जमली. मेनू जिथे असावा तिथे असतो आणि छपाईयंत्र जोडले की ती स्वतःहून ओळखते. मेनूतले बरेच शब्द मराठीत दिसतात. कळपट्टीवर बोटे चालवली की मराठी उमटते, आणि ते पुढे कुठल्याही संगणकावर पाठवले तरी मराठीच राहते. आजच्या तरुण वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही. पण ज्यांनी १९९५ सालचा संगणक पाहिला आहे, त्यांना हे सुख कुठून आले असा प्रश्न पडायला हवा. या सुखामागे पुष्कळ माणसे आहेत. त्यांतल्या एकाची आठवण मराठी माणसाने आवर्जून ठेवावी, असे मला वाटते. ते म्हणजे र. कृ. जोशी.

रघुनाथ कृष्ण जोशी यांचा जन्म १९३६ सालचा. तो काळ देवनागरीच्या दृष्टीने मोठा अडचणीचा होता. आपल्या लिपीत स्वर आणि व्यंजने मिळून पन्नासच्या आसपास अक्षरे. पण काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरली की जुळाऱ्याच्या केसमध्ये शेकडो खिळे लागत. इंग्रजीचे काम त्या मानाने फारच थोड्या खिळ्यांत भागे. त्यामुळे यंत्र आले की पहिली तक्रार लिपीविरुद्ध होई. लिपी सोपी करा, जोडाक्षरे तोडा, वेलांट्या बदला, म्हणजे ती यंत्रात मावेल. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अ-ची बाराखडी सुचवली, तिच्यामागेही छपाईच्या सोयीचा विचार होता. पुढे मराठी टंकलेखनयंत्र आले, त्यात अर्ध्या अक्षरांना दंड जोडून शब्द उभे करावे लागत. यंत्र परदेशातून यायचे आणि अंग चोरून घ्यायचे ते आपल्या अक्षराने, असा हा रिवाज होता. र. कृं.चे आयुष्य हा रिवाज उलटा फिरवण्यात गेले.

मुंबईच्या जे. जे.मध्ये उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन ते जाहिरातीच्या व्यवसायात शिरले. 'उल्का' या संस्थेत त्यांनी दोन दशकांच्या आसपास कलादिग्दर्शक म्हणून काम केले. त्या काळी मुंबईतली जाहिरात इंग्रजीत विचार करी. मजकूर इंग्रजीत सुचे, मांडणी रोमन अक्षरांची होई आणि शेवटी त्याचा मराठी, हिंदी, गुजराती अवतार काढला जाई. या अवतारात अक्षरे बिचारी ठिगळासारखी बसत. त्यांच्याकडे पाहणारा, त्यांचे वळण, जाडी आणि चाल यांचा स्वतंत्र विचार करणारा माणूस विरळा. र. कृ. तो विचार करीत राहिले. बोरू हातात धरला की जाडबारीक रेघ कुठून येते, मराठी अक्षर शिरोरेघेला कसे लोंबते आणि तमिळ किंवा कन्नड अक्षर त्याशिवाय कसे उभे राहते, याचा त्यांनी कसून अभ्यास केला. सुंदर हस्ताक्षर म्हणजे सुलेखन, एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. अक्षर ही हालचाल आहे, हे त्यांनी ओळखले होते.

ते कवीही होते. साठच्या दशकात मराठीत अनियतकालिकांची चळवळ जोरात होती. जाहिरातीच्या क्षेत्रात पोटासाठी काम करणारे आणि कवितेत मुलुखावेगळे काही शोधणारे जे मोजके लोक तेव्हा मुंबईत होते, त्यांत अरुण कोलटकरांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. र. कृं.ची जातकुळी तीच. त्यांनी मराठीत दृश्यकविता लिहिली. या कवितेत शब्द कागदावर कसा बसतो, कसा फुटतो, कुठे रिकामी जागा सोडतो, यातून अर्थ निघतो. आमच्यासारख्या छपाईवाल्यांना ही कविता लवकर कळते, कारण रिकाम्या जागेची किंमत आम्हांला ठाऊक असते.

ऐंशीच्या दशकात ते पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक संकल्पन केंद्रात शिकवू लागले. याच दशकात जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संगणकसंस्थेशी त्यांचे नाते जुळले. तेथील तंत्रज्ञांबरोबर त्यांनी 'विन्यास' नावाची प्रणाली घडवण्यात भाग घेतला. संगणकावर भारतीय अक्षरे रेखाटण्यासाठी ती होती. ज्या काळी आपल्याकडे संगणक म्हणजे पगारपत्रके काढणारे यंत्र अशीच समजूत होती, त्या काळी एक सुलेखनकार त्या यंत्रासमोर बसून त्याच्याकडून अक्षर गिरवून घेत होता. पाटीवर मुलाचा हात धरून बाराखडी गिरवावी तसेच ते होते.

आता थोडे माझ्या गाळ्याविषयी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे महत्त्व ध्यानात येणार नाही. नव्वदच्या दशकात आम्ही ट्रेडल आणि खिळे सोडून डीटीपीवर आलो. मराठी अक्षरांसाठी विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे लागे आणि संगणकाच्या मागे एक छोटी किल्ली खोचावी लागे. ती नसेल तर मराठी बंद. प्रत्येक विक्रेत्याची अक्षरांची मांडणी वेगळी. एकाकडे ज्या क्रमांकावर 'क' असे, तिथे दुसऱ्याकडे 'ढ'! फ्लॉपीतून मजकूर दुसरीकडे नेला की त्याची अगम्य रांगोळी होई. एकदा एका कारखान्यासाठी आम्ही सुरक्षेचे बारा फलक मराठी आणि इंग्रजीत तयार केले. मोठे फलक बाहेरून छापून घ्यायचे होते. तिथे मराठी उघडलेच नाही. तारीख तोंडावर आली होती, म्हणून फक्त इंग्रजी फलक छापून लागले. ते वाचणाऱ्या कामगारांपैकी निम्म्यांना इंग्रजी येत नव्हते. सुदैवाने काही विपरीत घडले नाही, पण पुढे कित्येक महिने त्या दारावरून जाताना मी मान खाली घालून जात असे. अक्षर उमटले नाही तर कोणाचा हात यंत्रात जाऊ शकतो, ही गोष्ट सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही.

या रोगावरचा उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक वर्णाला एकच कायमचा क्रमांक. १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी होती. पण क्रमांक म्हणजे अक्षर नव्हे. 'क', हलंत आणि 'ष' हे तीन क्रमांक ओळीने आले तर 'क्ष' दिसला पाहिजे. 'कि' लिहिताना वेलांटी नंतर येते, पण दिसते आधी. हे नियम कुणीतरी अक्षरसंचात, म्हणजे फॉन्टमध्ये, भरावे लागतात. त्यासाठी तंत्रज्ञ लागतो आणि लिपीची नाडी जाणणारा माणूसही लागतो. र. कृ. आता एनसीएसटीत काम करीत होते आणि तो माणूस तेच होते. मायक्रोसॉफ्टसाठी त्यांच्या मार्गदर्शनाखाली 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट तयार झाला आणि विंडोज २००० बरोबर तो जगभर गेला. इतर काही भारतीय लिप्यांचे फॉन्टही त्यांच्या हाताखाली घडले. मंगल छापील पानावर काहीसा रुक्ष दिसतो, हे छपाईवाला म्हणून मला कबूल केले पाहिजे. तो त्या काळच्या जाड ठिपक्यांच्या पडद्यासाठी बेतलेला होता. पण हिंदी टंकलेखनाच्या परीक्षांतून पुढे त्याचे नाव घराघरांत पोचले. किती उमेदवारांना त्यामागचा हात ठाऊक असेल?

तथापि मंगल वापरायचा तर विंडोज हवे, आणि त्याचा रीतसर परवाना छोट्या गाळ्याला जड जाई. शिवाय तो फॉन्ट उघडून त्यात दुरुस्ती करण्याची मुभा नव्हती. दुसऱ्या बाजूला, १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेले लिनक्स वाढत होते. ते कुणीही वापरावे, वाटावे, बदलावे. पण भारतीय भाषांच्या बाबतीत ते तेव्हा मुकेच होते. एनसीएसटीने 'इंडिक्स' या प्रकल्पातून लिनक्सला भारतीय लिप्या शिकवायला घेतल्या, आणि र. कृं.नी रेखलेला 'रघू' हा देवनागरी फॉन्ट जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झाला. त्याची नक्कल करावी, तो वाटावा, त्यात सुधारणा करावी, अट इतकीच की सुधारलेला फॉन्ट वाटताना त्याच मोकळेपणाने वाटावा. ज्यांच्या अक्षराचे मोल जगातली सर्वांत मोठी सॉफ्टवेअर कंपनी जाणत होती, त्यांचेच अक्षर आता वागळे इस्टेटच्या गाळ्यातही फुकट येऊ शकत होते. मला या माणसाच्या चरित्रातली ही घटना सर्वांत मोठी वाटते.

लिनक्सशी माझी गाठ पुढे पडली. २००४ साली उबुंटू आले. तेव्हा मागणी केली की त्याची सीडी टपालाने घरपोच मिळे, तीही फुकट. ती माझ्या गाळ्यावर आली तेव्हा पोस्टमनने पैसे किती पडले म्हणून विचारले आणि माझ्या उत्तरावर त्याचा विश्वास बसला नाही. सुरुवातीला त्रास झाला, नाही असे नाही. छपाईयंत्र रुसे, कधी जोडाक्षर फुटे. पण फुटलेले जोडाक्षर दुरुस्त करण्यावर कुणाची बंदी नव्हती. पुण्यामुंबईचे आणि देशभरचे तरुण फावल्या वेळात ते दुरुस्त करीत, आणि सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली की माझ्या पडद्यावर ते नीट दिसे. आज मी वापरतो ते मिंट याच उबुंटूच्या पायावर उभे आहे.

या मोकळेपणाचे मोल मराठीला अधिक आहे. देवनागरी एकच असली तरी मराठीचे वळण हिंदीहून वेगळे. आपला 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. शासनानेही २००९ सालच्या निर्णयात ही वळणे अधिकृत म्हणून सांगितली. शिवाय आपल्याला 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत फरक करावा लागतो. एकात समुद्र, दुसऱ्यात डोंगरामधली खोली. आचार्यांना आणि आचाऱ्यांना द्यायची दक्षिणा एकच नसते! विकतच्या बंद फॉन्टमध्ये असा फरक नसला तर ग्राहकाने विनंती करून वाट पाहावी. खुल्या फॉन्टमध्ये ज्याला येते त्याने तो घालावा आणि सर्वांनी वापरावा. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बलू' हे आजचे देखणे फॉन्ट असेच खुले आहेत. माझ्या पडद्यावर आता रघू नसतो, ही नवी पिढी असते. आणि विंडोजनेही मंगलची मुख्य जागा दुसऱ्या फॉन्टला दिली आहे. अक्षरांच्या घराण्यात असेच चालते. शिष्याचे गाणे लागले म्हणजे गुरूचा सूर गेला असे कुणी म्हणत नाही.

शेवटच्या वर्षांत र. कृ. वेदांच्या स्वरचिन्हांत गुंतले होते. उदात्त, अनुदात्त, स्वरित आणि शाखाशाखांच्या पोथ्यांतल्या निराळ्या खुणांना युनिकोडमध्ये जागा मिळावी म्हणून त्यांनी अभ्यासपूर्वक प्रस्ताव मांडले. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग आला. तो पाहायला ते नव्हते.

एका आयुष्यात बोरूपासून युनिकोडपर्यंतचा प्रवास करणारी माणसे किती? आणि त्या प्रवासात आपल्या लिपीचा कणा न वाकवता यंत्राला वळण लावणारी? त्यांचा पुतळा कुठे उभारावा असे मी म्हणणार नाही. गेल्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीतल्या एका कारखान्याला आम्ही नवे फलक करून दिले. मजकूर मिंटवर जुळवला, फाइल मोबाइलवरून पाठवली, मोठी छपाई दुसरीकडे झाली, आणि एकही वेलांटी हलली नाही. फलक लावताना रात्रपाळीहून निघालेला एक कामगार थांबला, त्याने ओठ हलवत सगळा मजकूर वाचला आणि डबा काखेत मारून तो बाहेर पडला. त्या दारावरून मी आता मान वर करून जातो.