आस्तोर पियाझोला : टँगोला मैफलीत नेणारा संगीतकार

अर्जेंटिनाच्या टँगो संगीताचे नाव निघाले की आज जगभरातील मैफलींत आस्तोर पियाझोला यांची आठवण होतेच. त्यांच्या हयातीत मात्र, ब्यूनस आयर्स या त्यांच्या कर्मभूमीतच अनेक वर्षे त्यांना टँगोचा मारेकरी म्हटले जात होते. टँगो पायांसाठी की कानांसाठी, हा त्या वादाचा गाभा होता.

पियाझोला यांचा जन्म ११ मार्च १९२१ रोजी मार देल प्लाता या समुद्रकाठच्या शहरात, इटालियन वंशाच्या कुटुंबात झाला. उजव्या पायात जन्मतः व्यंग होते आणि त्यासाठी बालपणी अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. १९२५ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला गेले. वडील विसेंते यांना मायदेशाची ओढ अस्वस्थ करी. ते घरी टँगोच्या ध्वनिमुद्रिका लावीत. मुलाचे मन जॅझकडे आणि पुढे बाखच्या रचनांकडे धावत होते. तरीही आठ वर्षांच्या मुलासाठी वडिलांनी वापरलेला एक बांदोनेओन विकत आणला. मूळ जर्मनीत घडलेले हे भात्याचे वाद्य टँगोचा प्राण मानले जाते. त्याला दोन्ही बाजूंस बटणे असतात आणि भाता उघडताना व मिटताना एकाच बटणातून बहुधा वेगवेगळे स्वर निघतात. मोठ्यांनाही घाम फोडणारे हे वाद्य मुलाने जिद्दीने आत्मसात केले.

न्यूयॉर्कमध्येच टँगोचा सम्राट गायक कार्लोस गार्देल यांच्याशी या कुटुंबाचा परिचय झाला. गार्देल यांच्या एका चित्रपटात छोट्या आस्तोरने वृत्तपत्र विकणाऱ्या मुलाची लहानशी भूमिकाही केली. पुढच्या दौऱ्यावर त्याला सोबत नेण्याची गार्देल यांची इच्छा होती, पण वय लहान म्हणून वडिलांनी नकार दिला. त्याच दौऱ्यात, जून १९३५ मध्ये, कोलंबियातील मेदेयीन येथील विमान अपघातात गार्देल मृत्युमुखी पडले.

अर्जेंटिनात परतल्यावर १९३९ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, पियाझोला आनिबाल त्रोइलो यांच्या नामांकित वाद्यवृंदात दाखल झाले. रात्री नाचघरांत वादन आणि दिवसा संगीतकार आल्बेर्तो हिनास्तेरा यांच्याकडे शिक्षण, असे दुहेरी आयुष्य १९४१ पासून सुरू झाले. तेथे शिकलेले त्रोइलोंच्या वाद्यवृंदासाठी केलेल्या संयोजनात उतरू लागले आणि त्रोइलो त्यातील बराच भाग खोडून टाकू लागले. नाचणाऱ्यांचा ताल चुकला तर वाद्यवृंदाचे पोट कसे भरणार, ही त्यांची चिंता रास्तच होती. १९४४ मध्ये पियाझोला बाहेर पडले. दोन वर्षांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला, पण तोही फार काळ टिकला नाही.

मग त्यांनी बांदोनेओन जवळजवळ बाजूला ठेवला आणि सिंफनीकार होण्याचा ध्यास घेतला. १९५३ मध्ये त्यांच्या सिंफनीत दोन बांदोनेओन वाजले, तेव्हा त्या हलक्या वाद्याला सिंफनीत जागा दिल्यावरून श्रोत्यांमध्ये अक्षरशः हाणामारी झाली. या रचनेच्या यशामुळे शिष्यवृत्ती मिळाली आणि १९५४ मध्ये ते पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे पोहोचले. या गुरूंपुढे त्यांनी आपले टँगोवादन लाज वाटून लपविले होते. बुलांजे यांना त्यांच्या सिंफनी रचना नेटक्या वाटल्या, पण त्यांत रचनाकार स्वतः कोठे दिसेना. अखेर आग्रहावरून त्यांनी पियानोवर आपला एक टँगो वाजविला आणि खरा पियाझोला येथे आहे, तो कधी सोडू नये, असे बुलांजे यांनी बजावले. हा प्रसंग पियाझोला आयुष्यभर सांगत राहिले. सांगता सांगता त्याला थोडी झिलई चढलीही असेल. परतल्यावर त्यांनी जे केले, त्यातून मात्र त्याचा परिणाम स्पष्ट दिसतो.

१९५५ मध्ये त्यांनी आठ वादकांचा संच काढला. त्यात चक्क इलेक्ट्रिक गिटार होती, गायक नव्हता आणि नाचण्याची सोयही नव्हती. आठ मात्रांची तीन-तीन-दोन अशी विभागणी, बाखच्या वळणाची एकमेकांत गुंफलेली स्वरवाक्ये आणि जॅझचे स्वरमेळ यांतून त्यांचा नवा टँगो घडला. परंपरावाद्यांचा संताप अनावर झाला. काम मिळेना, म्हणून १९५८ मध्ये ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले.

तेथेही जम बसला नाही. १९५९ मध्ये पोर्तो रिकोच्या दौऱ्यावर असताना वडिलांच्या निधनाची वार्ता आली. मायदेशी पोहोचणे शक्य नव्हते. न्यूयॉर्कला परतल्यावर त्यांनी स्वतःला एका खोलीत कोंडून घेतले आणि थोड्याच वेळात ‘आदियोस नोनिनो’ ही रचना सिद्ध केली. नोनिनो हे वडिलांचे घरगुती नाव. ज्या माणसाने हातात बांदोनेओन दिला, त्याला दिलेला हा निरोप पियाझोला यांची सर्वांत प्रिय रचना ठरला.

१९६० मध्ये ब्यूनस आयर्सला परतून त्यांनी बांदोनेओन, व्हायोलिन, पियानो, डबल बास आणि इलेक्ट्रिक गिटार असा पाच वादकांचा संच उभारला. त्यांचे सर्वोत्तम काम याच रचनेच्या संचांत झाले. एक पाय उंचावर टेकवून, मांडीवर वाद्य तोलत, उभ्याने वाजविण्याची त्यांची ढब प्रसिद्ध झाली. १९६५ मध्ये बोर्हेस यांच्या कवितांना त्यांनी संगीत दिले. १९६८ मध्ये कवी ओरासियो फेरेर यांच्यासह ‘मारिया दे ब्यूनोस आइरेस’ हे संगीतनाट्य रंगभूमीवर आणले. पुढच्याच वर्षी याच जोडीच्या ‘बालादा पारा उन लोको’ या गीताची एका महोत्सवात हुर्यो उडविण्यात आली आणि त्याचे पहिले पारितोषिकही हुकले. लोकांनी मात्र ते गीत डोक्यावर घेतले.

१९७३ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर इटलीत मुक्काम असताना १९७४ मध्ये ‘लिबेरतांगो’ जन्मास आले. जून १९८३ मध्ये ब्यूनस आयर्सच्या तेआत्रो कोलोन या सुप्रसिद्ध नाट्यगृहाने त्यांच्या संगीतासाठी मंच खुला केला, तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. ऑगस्ट १९९० मध्ये पॅरिसमध्ये त्यांना मेंदूचा झटका आला. त्यातून ते सावरले नाहीत आणि ४ जुलै १९९२ रोजी ब्यूनस आयर्समध्ये त्यांचे निधन झाले.

मार देल प्लाताच्या विमानतळाला आता त्यांचे नाव आहे. ब्यूनस आयर्समधील मिलोंगा म्हटल्या जाणाऱ्या पारंपरिक नाचाच्या बैठकींत मात्र आजही मुख्यतः १९४० च्या आसपासच्या वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रिका लागतात. त्यांत त्रोइलो हमखास असतात, पियाझोला क्वचितच.