एका पुस्तकाने घडविलेले रेडक्रॉसचे शिल्पकार म्वानिए

जिनिव्हाचे कायदेपंडित गुस्ताव म्वानिए यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध झालेले एक पुस्तक वाचले आणि त्याचे लेखक हेन्री ड्युनंट यांची भेट घेतली. सोल्फेरिनोच्या लढाईत उपचारांविना तडफडणाऱ्या जखमी सैनिकांची ती हकीकत होती. ड्युनंट भावनाशील, तर म्वानिए काटेकोर. या कार्याला बहुधा दोघांचीही गरज होती. फेब्रुवारी १८६३ मध्ये पाच जणांची समिती स्थापन झाली; तीच पुढे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती म्हणून ओळखली गेली. पुढच्याच वर्षी बारा राष्ट्रांनी पहिल्या जिनिव्हा करारावर स्वाक्षऱ्या केल्या. त्या वर्षापासून म्वानिए अखेरपर्यंत समितीचे अध्यक्ष राहिले. मात्र १८६७ मध्ये दिवाळे निघालेल्या ड्युनंट यांना समितीबाहेर काढण्यात त्यांचाच पुढाकार होता. १९०१ मध्ये शांततेच्या पहिल्या नोबेलचे मानकरी ड्युनंट ठरले, म्वानिए नव्हे. १९१० मध्ये दोघेही अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने निवर्तले. समेट झालाच नव्हता.