तुरुंग फोडणारे दादा आणि मांजरीचं यीस्ट

वसंतदादा पाटील (१९१७–१९८९) यांचं शालेय शिक्षण जेमतेम. १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून पळताना त्यांना गोळी लागली. स्वातंत्र्यानंतर त्यांनी सांगलीत सहकारी साखर कारखाना उभारला, पुढे मुख्यमंत्रीही झाले.

१९७५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सहकारी कारखान्यांनी पुण्याजवळ मांजरीला संशोधन संस्था काढली. आज तिला दादांचंच नाव आहे. साखर काढून उरलेल्या मळीचं यीस्ट वापरून अल्कोहोल कसं करायचं, यावर तिथे काम चालतं.

आता चोथ्याचं बघा. त्यातल्या झायलोज साखरेचं काही यीस्ट झायलिटॉल बनवतात. शुगरफ्री च्युइंगममध्ये असतं तेच. आज बहुतेक चोथा बॉयलरमध्ये जळतो. त्याचे उद्या जास्त पैसे झाले, तर ते ऊस पिकवणाऱ्या सभासदापर्यंत पोचायला हवेत. सहकाराचा मूळ हिशोब तोच आहे.