झोळीची स्प्रिंग आणि रॉबर्ट हूक

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरीही एका शास्त्रज्ञाचे चरित्र लिहिण्याचे धाडस मी करीत आहे. त्याला कारण आमच्या घरातील झोळी.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आमचे गाव आहे. गेल्या वर्षी वहिनीला मुलगा झाला. भावाने आढ्याला स्प्रिंग टांगून तिला झोळी बांधली. बाळाला झोके देताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. झोळी हळूच ओढा की जोराने ओढा, एकदा खाली-वर व्हायला तिला वेळ सारखाच लागे. बाळ अंगाने भरले तशी मात्र तीच झोळी संथ होऊ लागली. विज्ञानशाखेतील मैत्रिणीला विचारले, तेव्हा तिने सरल हरात्मक गतीचा धडा काढून दिला. त्यात हूकचे नाव होते. मग ग्रंथालयात जाऊन मी त्याची माहिती मिळविली.

आपल्या शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला १६३० साली. त्यानंतर पाच वर्षांनी, १६३५ साली, इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर रॉबर्ट हूक जन्मला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. मुलगा सदा आजारी, त्यामुळे शिक्षण धड होईना. पण एक जुने पितळी घड्याळ खोललेले पाहून त्याने लाकडाचे घड्याळ बनविले आणि ते चालले! तेराव्या वर्षी वडील वारले. पोरगा लंडनला गेला. काही दिवस एका चित्रकाराच्या हाताखाली राहिला, पण रंगांच्या वासाने डोके दुखू लागले. पुढे वेस्टमिन्स्टर शाळेत त्याला चांगले गुरू लाभले. ऑक्सफर्डला तो गेला तो इतर विद्यार्थ्यांची कामे करून शिकणारा गरीब विद्यार्थी म्हणून. तेथेच रॉबर्ट बॉइल या श्रीमंत शास्त्रज्ञाने त्याला मदतनीस म्हणून ठेवले. बॉइलचा प्रसिद्ध हवापंप तयार झाला तो हूकच्या हातून.

१६६२ साली रॉयल सोसायटीने त्याला प्रयोग करून दाखविण्याच्या कामावर नेमले. १६६५ साली त्याचे सूक्ष्मदर्शकावरील पुस्तक निघाले. बुचाच्या कापात दिसलेल्या कप्प्यांना त्याने दिलेले नाव आजही पेशीसाठी इंग्रजीत वापरतात. १६६६ च्या आगीत लंडन जळाले, तेव्हा जमिनी मोजून शहर पुन्हा उभे करण्याच्या कामातही तो होता.

आता स्प्रिंगविषयी. ओझे दुप्पट केले की स्प्रिंग दुप्पट ताणते, तिप्पट केले की तिप्पट, हा हूकचा नियम. जेवढी ओढावी तेवढ्याच प्रमाणात ती मागे खेचते. म्हणून लांब ओढलेली झोळी जास्त वेगाने परत येते आणि वेळ सारखाच राहतो. ओझे वाढले, तर तीच स्प्रिंग ते सावकाश हलवते. ओझे चौपट झाले की वेळ दुप्पट लागतो. वेळ सारखा राहतो म्हणूनच खिशातल्या घड्याळाला स्प्रिंगचा उपयोग झाला.

पण याच घड्याळावरून वाद पेटला. १६७५ साली हॉलंडच्या ह्युजेन्सने स्प्रिंगचे घड्याळ जाहीर केले. ही कल्पना आपण आधीच काढली होती, असे हूकचे म्हणणे पडले. श्रेय दुसऱ्याने नेऊ नये म्हणून १६७६ साली त्याने आपला नियम अक्षरांची उलटापालट करून छापला आणि १६७८ साली त्याचा उलगडा केला. पुढे गुरुत्वाकर्षणाच्या श्रेयावरून न्यूटनशीही त्याचे बिनसले. १७०३ साली हूक वारला. लग्न नाही, मूलबाळ नाही. तो हयात असताना काढलेले, खात्रीने त्याचेच म्हणता येईल असे एकही चित्र आज उपलब्ध नाही.

हे सारे वाचून झाले आणि वैशाख आला. आमच्याकडे हिरडा हेच रोख उत्पन्न. वडिलांना अक्षरओळख नाही. व्यापारी टांगत्या स्प्रिंगकाट्यावर पोते तोलतो आणि आकडा सांगतो. यंदा मी बरोबर गेले. किराणा दुकानातून शिक्क्याची पाच किलोची दोन मापे मागून नेली आणि पोत्याआधी ती टांगायला सांगितली. पहिल्या मापाला काटा साडेचारवर थांबला, दोन्ही टांगल्यावर नऊवर. दोन्ही वेळा ताण सारखाच वाढला होता. म्हणजे स्प्रिंग खरी होती, पट्टीवरचे आकडे खोटे होते. व्यापारी काही बोलला नाही. त्याने गाडीतून दुसरा काटा काढला.

वडील वाटेने गप्पच होते. रात्री झोळीपाशी बसून त्यांनी विचारले, की हा नियम कोणी काढला. मी हूकची सारी हकीकत सांगितली. त्या माणसाचा फोटो पुस्तकात आहे का, असे त्यांनी विचारले. नाही म्हणताना मला वाईट वाटले.

दुसऱ्यांचे प्रयोग करीत ज्याचे आयुष्य गेले, त्याचा चेहरा आपल्याला ठाऊक नाही. पण त्याचा नियम साडेतीनशे वर्षांनी आमच्या हिरड्याच्या पोत्यापर्यंत पोचला. हे ऋण मान्य करावे, एवढ्याचसाठी हा लेख.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला