सर चार्ल्स व्हीट्स्टन : एका मुखदुर्बळ शोधकाचें चरित्र

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत विजेचा रोध मोजण्यासाठीं जो व्हीट्स्टन ब्रिज वापरतात, त्याचें नांव वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक असतें. परंतु ज्या गृहस्थाचें हें नांव, तो एका वाद्यविक्रेत्याचा मुलगा होता, त्याचें नांव प्रथम विजेमुळें नव्हे तर वाद्यांमुळें लोकांच्या कानीं गेलें, आणि चारचौघांपुढें उभें राहून बोलणें हें त्याला जन्मभर संकट वाटे, ही हकीकत फार थोड्यांस माहीत असते. वर्गांत उत्तर येत असूनही हात वर करण्याचा धीर ज्यांना होत नाहीं अशीं मुलें प्रत्येक शाळेंत असतात. त्यांच्या व त्यांच्या आईबापांच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें आम्ही हें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

चार्ल्स व्हीट्स्टन ह्याचा जन्म ६ फेब्रुवारी १८०२ रोजीं इंग्लंडांतील ग्लॉस्टर शहराजवळच्या बार्नवुड ह्या गांवीं झाला. वडील विल्यम हे वाद्यांचा व्यापार करीत व बांसरी शिकवीत. १८०६ सालीं हें कुटुंब लंडनला राहावयास गेलें. मुलगा बुद्धीनें तल्लख, पण स्वभावानें अत्यंत लाजाळू होता. एका शाळेंतून तो पळून गेला व पुढें विंडसर येथें सांपडला, अशी गोष्ट सांगतात. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला लंडनमधील स्ट्रँड ह्या रस्त्यावर वाद्यांचें दुकान असलेल्या चुलत्याकडे उमेदवारीस ठेविलें. चुलत्याचें नांवही चार्ल्सच होतें. परंतु पुतण्याचें लक्ष ना हत्यारांत, ना गिऱ्हाइकांत. तें सारें पुस्तकांत. मुलगा कामाचा नाहीं असा शिक्का मारून मोकळें होणें वडिलांस सहज शक्य होतें. पण त्यांनीं त्याच्या वाचनाला उत्तेजन दिलें, आणि शेवटीं त्याला दुकानांतून परत घरीं आणिलें. पुढें ह्या मुलानें जें जें केलें, त्याचें थोडें श्रेय ह्या शहाण्या बापालाही दिलें पाहिजे.

ह्याच वयांतील एक गोष्ट सांगतात. जुन्या पुस्तकांच्या एका दुकानांत चार्ल्सला व्होल्टा ह्या इटालियन शास्त्रज्ञाच्या विजेसंबंधीं शोधांचें वर्णन करणारें एक पुस्तक दिसलें. किंमत खिशाबाहेरची होती. त्यानें पैसा पैसा सांठवून तें विकत घेतलें. घरीं आणून पाहतो, तों तें फ्रेंच भाषेंत! मग पुन्हां पैसे सांठवून त्यानें एक कोश आणिला आणि शब्द शब्द लावीत तें वाचून काढिलें. पुढें भाऊ विल्यम ह्याच्याबरोबर त्यांतील प्रयोग करून पाहण्याचा बेत ठरला. बॅटरी तयार करण्यास तांब्याचे पत्रे हवे होते, आणि हातांत उरले होते कांहीं तांब्याचे पेनी. तेव्हां पत्रे विकत घेण्याऐवजीं ते पेनीच पत्रे म्हणून कां वापरूं नयेत, असें चार्ल्सच्या मनांत आलें, आणि बॅटरी तयार झाली.

१८२१ सालीं एकोणिसाव्या वर्षीं त्यानें लंडनकरांपुढें एक चमत्कार मांडिला. छताला एका बारीक तारेनें टांगलेली एक वीणा. तिला कोणाचा हात लागत नसे, तरी तिच्यांतून पियानो, हार्प इत्यादि वाद्यांचे सूर निघत. लोक चकित झाले. ह्यांत जादू मुळींच नव्हती. वरच्या खोलींत खरीं वाद्यें वाजत होतीं, आणि त्यांचीं कंपनें त्या तारेच्या वाटेनें खालच्या वीणेपर्यंत पोंचत होतीं. नाद हवेंतून जातो हें सर्वांस ठाऊक असतें. पण घन पदार्थांतून तो किती दूर व किती स्पष्ट जातो, हें ह्या खेळानें लोकांच्या प्रत्ययास आणून दिलें.

१८२३ सालीं चुलते वारले व दोघे भाऊ दुकान चालवूं लागले. चीन देशांत शेंग नांवाचें तोंडानें वाजविण्याचें एक प्राचीन वाद्य आहे. त्यांतील नळ्यांच्या मुळाशीं धातूच्या लहान पत्त्या असतात. अशी पत्ती एका टोकाला चौकटीवर पक्की बसविलेली असते व दुसरें टोक मोकळें असतें. हवेचा झोत आला कीं, ती चौकटीच्या फटींत मागेंपुढें हेलकावे घेऊन सूर देते. मोकळें टोक कानशीनें घासलें तर सूर चढतो, मुळाशीं घासलें तर उतरतो. आपल्याकडील बाजाच्या पेटींतील सूरही ह्याच तत्त्वावर बोलतात. व्हीट्स्टन ह्यांनीं शेंगेचा अभ्यास केला आणि १८२९ सालीं अशा पत्त्यांच्या वाद्याचें पेटंट घेतलें. प्रथम झालें तें सिंफोनियम, म्हणजे दोन्ही बाजूंस बटणें असलेली व तोंडानें फुंकण्याची एक लहानशी डबी. पुढें तोंडाच्या जागीं भाता आला, डबीचे दोन भाग होऊन भात्याच्या दोन टोकांस गेले, आणि कॉन्सर्टिना जन्मास आली. तिच्या सुधारलेल्या रचनेचें पेटंट त्यांनीं १८४४ सालीं घेतलें.

हें वाद्य शिकूं लागणाऱ्यास पहिल्या दिवशीं काय अडचण पडते, तें पाहिलें म्हणजे शोधकाची बुद्धि कळते. दोन षट्कोनी पेट्या, मध्यें घड्यांचा भाता; प्रत्येक हाताखालीं चोवीस, मिळून अठ्ठेचाळीस बटणें, आणि साडेतीन सप्तकें. अंगठा चामड्याच्या वादींत, करंगळी धातूच्या आधारावर. काम करावयाचें तें मुख्यतः मधल्या बोटांनीं. आपल्या पेटींत एक हात भात्याला व एक पट्ट्यांना मोकळा असतो. येथें मात्र दोन्ही हातांनीं दोन्ही कामें करावयाचीं. त्यांतून स्वरांची मांडणी अशी कीं, डाव्या हातास सा, तर उजव्या हातास रे. पुन्हां डाव्यास ग, उजव्यास म. डाव्यास प, उजव्यास ध. डाव्यास नी, आणि मग वरचा सा उजव्या हाताला! मागावरील धोटा जसा एका हातांतून दुसऱ्या हातांत जातो, तसा स्वर सारखा इकडून तिकडे फिरत असतो. नवा शिकणारा गोंधळतो, आणि एवढें तिरपागडें काम कोणी केलें म्हणून चिडतो.

पण ही मांडणी तिरपागडी नव्हे. पाश्चात्य लिपींत स्वर पांच रेघांवर व त्यांमधील रिकाम्या जागांत लिहितात. व्हीट्स्टन ह्यांनीं रेघांवरचे सर्व स्वर डाव्या हातास दिले व जागांतले सर्व उजव्या हातास. त्यामुळें लिहिलेलें डोळ्यांनीं पाहतांच कोणता हात चालवावयाचा तें आपोआप कळतें. दुसरा फायदा असा कीं, सा-ग-प हे एकत्र वाजविण्याचे स्वर एकाच हाताखालीं शेजारीं शेजारीं येतात. शुद्ध स्वर मधल्या दोन ओळींत व कोमल-तीव्र स्वर त्यांच्या लगत बाहेरच्या ओळींत ठेविले आहेत. प्रत्येक बटणाला दोन पत्त्या, एक भाता दाबतांना बोलणारी व एक ताणतांना. दोन्ही एकाच सुराच्या. तेव्हां शिकाऊ विद्यार्थ्यानें काय करावें? पहिले कांहीं दिवस गाणें वाजविण्याचा हव्यास सोडून एकच सप्तक चढावें व उतरावें. भाता थोडाच उघडावा व सारखा दाब ठेवावा. आणि गाणारा जेथें श्वास घेईल तेथेंच भात्याची दिशा बदलावी. हात एकमेकांची वाट पाहावयास शिकले कीं, ज्या मांडणीनें प्रथम रडविलें तीच पुढें बोटांना पंख देते.

ह्या वाद्यानें थोड्याच काळांत मानाचें स्थान मिळविलें. गिटारवादनांत लहानपणींच गाजलेले जूलिओ रेगोंडी ह्यांनीं कॉन्सर्टिनेवरही असामान्य प्रभुत्व मिळवून मोठमोठ्या सभांतून ती वाजविली. बर्नहार्ड मोलिक ह्या रचनाकारानें १८५३ सालीं वाद्यवृंदासह तिच्यासाठीं स्वतंत्र रचना केली. प्रथम तिचा प्रसार श्रीमंत घरांत झाला. पुढें स्वस्त वाद्यें निघालीं, तेव्हां ती गिरणीकामगारांच्या वाद्यवृंदांत व रस्त्यांवर भजनें गाणाऱ्या मुक्तिफौजेच्या हातींही गेली.

इकडे स्वतः शोधकाची मात्र निराळीच कुचंबणा होत होती. १८३४ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजांत प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढच्या वर्षीं त्यांनीं नादावर व्याख्यानें दिलीं. पण व्याख्यान देणें आपल्यास साधत नाहीं असें पाहून तें काम त्यांनीं जवळजवळ सोडूनच दिलें. मित्रमंडळींत ओघानें बोलणारा हा मनुष्य व्यासपीठावर आला कीं, त्याची वाचा बंद होई. परंतु ईश्वरकृपेनें त्यांना मायकेल फॅरडेसारखा स्नेही लाभला होता. व्हीट्स्टन ह्यांनीं प्रयोग करावे आणि रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें फॅरडे ह्यांनीं ते श्रोत्यांस समजावून द्यावे, असा क्रम कित्येक वर्षें चालला. १८४६ सालीं अशाच एका व्याख्यानांत व्हीट्स्टन ह्यांच्या यंत्राचें वर्णन आटोपल्यावर वेळ उरला, म्हणून फॅरडे ह्यांनीं प्रकाशाच्या स्वरूपाविषयीं स्वतःचे विचार बोलून दाखविले. आणि तेच विचार पुढें विज्ञानाच्या इतिहासांत महत्त्वाचे ठरले.

नादानंतर व्हीट्स्टन ह्यांचें लक्ष विजेकडे वळलें. १८३४ सालीं त्यांनीं सुमारें अर्धा मैल लांबीची तार घेऊन व फिरत्या आरशाचा उपयोग करून विजेचा वेग मोजण्याचा प्रयत्न केला. आलेला आंकडा वाजवीपेक्षां मोठा होता, पण फिरत्या आरशाची युक्ति पुढें इतरांस प्रकाशाचा वेग मोजतांना उपयोगी पडली. विल्यम फॉदरगिल कूक ह्यांच्याशीं भागी करून १८३७ सालीं त्यांनीं विद्युत् तारायंत्राचें पेटंट घेतलें, आणि २५ जुलै १८३७ रोजीं लंडनमध्यें यूस्टन व कॅम्डन टाउन ह्यांच्या दरम्यान संदेश गेला. पांच सुयांपैकीं दोन वळल्या म्हणजे त्या ज्या अक्षराकडे रोख करीत तें वाचावयाचें, अशी योजना होती. वीसच अक्षरें मावत. बाकीचीं सहा वगळलेलीं. १८३९ सालीं पॅडिंग्टनपासून वेस्ट ड्रेटनपर्यंत व १८४३ सालीं स्लाउपर्यंत रेल्वेच्या कडेनें तार गेली. १ जानेवारी १८४५ रोजीं एका स्त्रीचा खून करून जॉन टॉवेल नांवाचा इसम स्लाउहून आगगाडीनें निसटला. त्याचा पोशाख क्वेकर पंथाचा होता. पण यंत्रांत ‘क्यू’ अक्षर नसल्यानें तारमास्तरास तो शब्द ‘के’ व ‘डब्ल्यू’ लावून कळवावा लागला. तरी अर्थ समजला, गाडीपूर्वीं संदेश पोंचला, आणि आरोपी सांपडला. तारायंत्र म्हणजे काय, हें सामान्य जनांस त्या दिवशीं पटलें.

पुढें व्हीट्स्टन ह्यांनीं तबकडीभोंवतीं अक्षरांचीं बटणें असलेलें निराळें तारायंत्र केलें, व १८५८ सालीं त्यांत सुधारणा केली. सांकेतिक लिपि न शिकतां कोणीही बटण दाबून संदेश पाठवावा, हा त्यांतील हेतु. कॉन्सर्टिनेंत बटण दाबलें कीं सूर, येथें बटण दाबलें कीं अक्षर! नवशिक्याच्या बोटांची चिंता वाहणारा हाच तो वाद्यें घडविणारा पुरुष, हें ह्या यंत्राकडे पाहून ओळखतां येतें.

थोरांचे दोषही सांगावे, नाहीं तर चरित्र म्हणजे नुसती आरती होते. तारायंत्राचें श्रेय कोणाचें, ह्यावरून त्यांचें व कूक ह्यांचें भांडण झालें. १८४१ सालीं दोन पंच बसले, त्यांनीं दोघांसही वांटा दिला. परंतु मनांतील कडवटपणा गेला नाहीं, आणि वर्षें लोटल्यावर वाद पुन्हां पेटला. गंमत अशी कीं, ज्या ब्रिजमुळें त्यांचें नांव अजरामर झालें तो मुळांत सॅम्युएल हंटर क्रिस्टी ह्यांनीं १८३३ सालीं शोधिला होता. १८४३ सालीं व्हीट्स्टन ह्यांनीं त्याचा उपयोग दाखविला व क्रिस्टी ह्यांचें ऋण मोकळेपणानें मान्य केलें. तरी जग व्हीट्स्टनचेंच नांव घेतें. उलट १८५४ सालीं त्यांनीं स्वतः रचलेली एक गुप्तलिपि त्यांचे मित्र लॉर्ड प्लेफेअर ह्यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. श्रेयाची वांटणी करणारें जग असें आंधळें असतें. त्याच्यासाठीं स्नेह मोडणें किती व्यर्थ, हें ह्या तीन गोष्टी शेजारीं ठेविल्या म्हणजे कळतें.

१८३६ सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. दोन डोळ्यांस दोन चित्रें दाखवून खोलीचा भास करविणारा स्टिरिऑस्कोप त्यांनीं १८३८ सालीं पुढें आणिला. १८४७ सालीं त्यांचा विवाह एमा वेस्ट ह्यांच्याशीं झाला; त्यांस पांच अपत्यें झालीं. १८६६ सालीं पत्नी निवर्तली. १८६८ सालीं सर ही पदवी व रॉयल सोसायटीचें कॉप्ली पदक हे दोन्ही मान त्यांस मिळाले. १९ ऑक्टोबर १८७५ रोजीं पॅरिस येथें त्यांचा अंत झाला, व लंडनच्या केन्सल ग्रीन स्मशानभूमींत त्यांस पुरण्यांत आलें.

तारायंत्राचें युग आतां संपलें. आपल्या देशांतील सरकारी तारसेवा १४ जुलै २०१३ रोजीं बंद झाली. कॉन्सर्टिना मात्र अजून वाजते, आणि प्रत्येक नवा शिकणारा पहिल्या दिवशीं सा एका हाताला व रे दुसऱ्या हाताला पाहून अजूनही गोंधळतो. विद्यार्थिमित्रांस आमचें सांगणें इतकेंच कीं, जीभ अडली म्हणून बुद्धि अडत नाहीं. ज्याला जें माध्यम साधेल त्यांतून त्यानें बोलावें. आणि पालकांस विनंति अशी कीं, एखादें मूल दुकानांत रमत नसेल, सभेंत गप्प बसत असेल, तर तें कोणत्या कोपऱ्यांत काय वाचीत बसलें आहे, एवढें एकदां उठून पाहावें.