कुलसचिव, संशोधक, निबंधकार : इरावती कर्वे यांच्या कार्याचा एक अन्वय

इरावती कर्वे यांचे नाव मराठी विभागात निघते ते ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’ आणि ‘युगान्त’ यांच्या संदर्भात. समाजशास्त्राच्या विभागात निघते ते भारतीय आप्तसंबंधांच्या व्यवस्थेवरील त्यांच्या ग्रंथाच्या संदर्भात. एकाच व्यक्तीचे लेखन अशा रीतीने दोन अभ्यासक्रमांत वाटले गेले आहे. या वाटणीत त्यांच्या आयुष्याची तिसरी बाजू, म्हणजे विद्यापीठीय कारभाराशी आलेला त्यांचा प्रत्यक्ष संबंध, जवळजवळ अनुल्लेखित राहते. ही बाजू लक्षात घेतल्याखेरीज उरलेल्या दोन बाजूंमधील नाते नीट उलगडत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर नोकरीनिमित्त तेथे होते. त्या देशातील इरावती नदीवरूनच मुलीचे नाव ठेवले गेले. शिक्षणासाठी त्या लहानपणीच पुण्यात हुजूरपागेत आल्या आणि रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी वाढल्या. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. त्यानंतर मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून १९२८ मध्ये त्यांनी समाजशास्त्राची एम. ए. पदवी मिळविली. रसायनशास्त्राचे प्राध्यापक दि. धों. कर्वे यांच्याशी विवाह झाल्यामुळे त्या महर्षी कर्वे यांच्या स्नुषा झाल्या.

१९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. तेथे मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवटीच्या असममितीचा अभ्यास केला. कवटीची रचना आणि वंश यांच्यात फिशर यांना अपेक्षित असलेला संबंध मोजमापांतून सिद्ध होत नव्हता. गुरूच्या गृहीतकाला प्रतिकूल असे निष्कर्ष त्यांनी प्रबंधात मांडले आणि १९३० मध्ये डॉक्टरेट मिळविली. पुढे फिशर हे नाझी राजवटीच्या वंशशास्त्राचे एक आधारस्तंभ ठरले. ते ध्यानी घेता या प्रबंधाचे नैतिक मोल अधिकच जाणवते.

मायदेशी परतल्यावर लगेच त्यांना संशोधनाचे पद मिळाले नाही. १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापिलेल्या महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. चरित्रपर लेखनात ही पाच वर्षे बहुधा एका वाक्यात संपतात. मात्र या विद्यापीठाचे स्वरूप पाहिले पाहिजे. मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्याचे मूलतत्त्व होते आणि त्याला वैधानिक मान्यता मिळाली ती स्वातंत्र्योत्तर काळात. ज्या संस्थेची पदवी शासनदरबारी ग्राह्य नव्हती, तिचे दफ्तर सांभाळणे म्हणजे नियमांच्या चौकटीत राहून त्या चौकटीबाहेरचा प्रयोग जगविणे होय. शास्त्रीय विषय मराठीत मांडण्याची जी निष्ठा इरावतीबाईंनी पुढे दाखविली, तिची पार्श्वभूमी या वातावरणात शोधणे अप्रस्तुत ठरू नये.

१९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधनसंस्थेच्या रूपाने पुन्हा सुरू झाले आणि इरावतीबाई तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या. भाषाशास्त्र, पुरातत्त्व, इतिहास आणि समाजशास्त्र हे विषय येथे एका छताखाली नांदत होते. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्यासमवेत गुजरातमधील लांघणज येथील उत्खननात त्यांनी भाग घेतला. आप्तसंबंधांवरील १९५३ च्या ग्रंथात भाषिक प्रदेश हाच त्यांनी विवेचनाचा पाया मानला आणि नातेवाचक शब्द, संस्कृत ग्रंथ व प्रत्यक्ष क्षेत्रकार्य ही तिन्ही साधने एकत्र आणली. विभागप्रमुख या नात्याने त्या अध्यापन आणि मार्गदर्शनाबरोबरच पाहणीप्रकल्पांचे संयोजनही करीत.

या संयोजनाचा सातारा जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. जयंत रणदिवे यांच्यासह त्यांनी फलटण या वाढत्या गावाचा आणि भोवतालच्या परिसराचा अभ्यास केला. तो १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये जाई निंबकर यांच्यासह केलेली कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी प्रकाशित झाली. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावून दक्षिणेकडे वाहत आलेली कोयना हेळवाकजवळ पूर्वेस वळते आणि कराड येथे कृष्णेला मिळते. पाटण तालुक्यात या नदीवर बांधलेल्या धरणाचे पाणी पश्चिमेकडे वळवून वीज निर्माण झाली व महाराष्ट्राच्या औद्योगिक वाढीला आधार मिळाला. तर खोऱ्यातील गावे शिवसागर जलाशयाखाली गेली. शासकीय दफ्तरात विस्थापित कुटुंब येते ते क्षेत्र, मोबदला आणि खातेदार या रकान्यांत. आप्तसंबंधांच्या अभ्यासकाला मात्र त्याच कुटुंबाबरोबर सोयरिकी, भावकी, ग्रामदैवत आणि शेजार दिसतो. दोन्ही भाषा जाणणारी व्यक्ती या पाहणीच्या मुळाशी होती, हे तिचे वैशिष्ट्य मानावे लागते. कोयनेच्या विस्थापितांचे प्रश्न पुढे अनेक दशके आंदोलनांचा विषय राहिले. त्यामुळे विद्येने कारभाराला दिलेली माहिती कारभार स्वीकारतोच असे नाही, ही या सेतूची मर्यादाही नोंदविली पाहिजे.

इरावतीबाईंच्या कार्यातील उणिवाही दृष्टिआड करता येत नाहीत. बर्लिनमधील निष्कर्ष हाती असूनही शारीरिक मोजमापांच्या पद्धतीवरील त्यांचा विश्वास दीर्घकाळ टिकला. जातींच्या उत्पत्तीची चर्चा करताना तिचा त्यांनी आधार घेतला. विषयांचा विस्तार एवढा मोठा होता, की त्यांच्या नावाने ओळखली जाईल अशी एखादी सैद्धान्तिक परंपरा उभी राहिली नाही. आंतरविद्याशाखीय अध्यापनाला द्यावी लागणारी ही किंमत आजच्या विभागांनाही विचारात घ्यावी लागेल.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ‘युगान्त’ला १९६८ मध्ये लाभलेला साहित्य अकादमी पुरस्कार सूचक आहे. कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे पाहताना कुल, वारसा आणि विवाह यांची व्यवस्था लेखिकेच्या नजरेसमोर सतत असते. खांडववनाच्या दाहाचा विचार करताना वनातून उठविलेल्यांचे दुःख तिला दिसते. कोयनेची पाहणी आणि हा ग्रंथ एकाच दशकातील आहेत. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाईंचे निधन झाले. त्यांच्या साहित्याचे अध्यापन करताना मराठी विभागांनी फलटण आणि कोयना येथील अहवालही विद्यार्थ्यांसमोर ठेवले, तर त्यांच्या निबंधांतील अनुभवाला असलेले समाजशास्त्रीय अधिष्ठान स्पष्ट होईल. त्यासाठी दोन विभागांच्या अभ्यासमंडळांना एकत्र बसावे लागेल. आणि हे काम विद्याव्यासंगाइतकेच कारभाराचेही आहे.