विश्लेषण : टायर कंपनीच्या इमारतीत कलासंग्रहालय का उघडले?

पुण्याजवळच्या चाकणला ब्रिजस्टोन टायरचा कारखाना आहे. रस्त्यावरच्या गाड्यांच्या चाकांवरही हे नाव रोज दिसते. टोकियोच्या कलारसिकांना मात्र हे नाव अनेक दशके सेझान, मोने, रेन्वार यांच्या चित्रांसाठी परिचित होते. कंपनीचे संस्थापक शोजिरो इशिबाशी (१८८९-१९७६) यांनी कंपनीच्या मुख्यालयातच कलासंग्रहालय उघडले होते. त्यामागे त्यांच्या शाळेतल्या चित्रकला शिक्षकांची एक विनंती होती.

शोजिरो इशिबाशी कोण होते?

क्यूशू बेटावरील कुरुमे या गावी १ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांचा जन्म झाला. घरी शिवणकामाचा व्यवसाय होता. पुढे शिकण्याची इच्छा होती, पण वडिलांनी नकार दिला. त्यामुळे १९०६ मध्ये वाणिज्य शाळा संपवून ते भावासोबत दुकानात बसू लागले. नाना प्रकारचे कपडे शिवण्याऐवजी फक्त ‘ताबी’, म्हणजे अंगठा वेगळा असलेले जपानी पायमोजे, बनवायचे असे त्यांनी ठरवले. बिनपगारी उमेदवारांना त्यांनी पगार सुरू केला. त्यावरून वडिलांची बोलणीही खाल्ली.

पायमोज्यांपासून टायरपर्यंत कसे पोहोचले?

त्या काळी मजूर गवताच्या चपला घालत. त्या लवकर झिजत आणि पायाला इजा होई. इशिबाशींनी ताबीला रबरी तळ चिकटवला. १९२३ मध्ये बाजारात आलेली ही ‘जिका-ताबी’ शेतकरी आणि खाणकामगारांनी उचलून धरली. रबराचे तंत्र हाती आल्यावर ते टायरकडे वळले. पहिला टायर १९३० मध्ये तयार झाला आणि १ मार्च १९३१ रोजी कंपनी स्थापन झाली. इशिबाशी या आडनावाचा अर्थ ‘दगडी पूल’. त्याचे इंग्रजी शब्द उलट क्रमाने जोडून ‘ब्रिजस्टोन’ हे नाव ठेवले गेले.

शिक्षकांची विनंती काय होती?

हांजिरो साकामोतो हे इशिबाशींना शाळेत चित्रकला शिकवत. पुढे ते नामवंत चित्रकार झाले. कुरुमेचेच शिगेरू आओकी हे त्यांचे समवयस्क मित्र. समुद्रातून मासे खांद्यावर घेऊन परतणाऱ्या कोळ्यांचे ‘उमी नो साची’ (१९०४) हे चित्र आओकींनी ऐन बाविशीत रंगवले. हालअपेष्टांत १९११ मध्ये, वयाच्या अवघ्या २८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची चित्रे विखुरण्याआधी एकत्र करावीत आणि ती सर्वांना पाहता यावीत, असे साकामोतोंनी १९३०च्या सुमारास आपल्या जुन्या विद्यार्थ्याला सुचवले. इशिबाशींनी ते मनावर घेतले. आओकींपासून सुरू झालेला संग्रह इतर जपानी चित्रकारांपर्यंत आणि पुढे त्यांना प्रेरणा देणाऱ्या फ्रेंच चित्रकारांपर्यंत गेला.

युद्धाचा काय परिणाम झाला?

युद्धकाळात कंपनी लष्करासाठी टायर बनवत होती. इंग्रजी नावे चालेनाशी झाल्याने १९४२ मध्ये तिचे नावही बदलावे लागले. १९४५ च्या हवाई हल्ल्यात टोकियोतील मुख्यालय जळाले, पण कुरुमेचा कारखाना वाचला. युद्धानंतर सरकारने बड्या मालमत्तांवर जबर कर लावला. सरदार घराणी आणि जुने उद्योगपती आपल्याकडची चित्रे विकू लागले. ती परदेशी जाण्याची भीती होती. इशिबाशींनी त्यांपैकी अनेक विकत घेतली.

संग्रहालय ऑफिसच्या इमारतीत का?

इशिबाशी १९५० मध्ये अमेरिकेला गेले. तिथे शहराच्या ऐन गजबजाटात असलेली कलासंग्रहालये त्यांनी पाहिली. टोकियोच्या क्योबाशी भागात कंपनीची नवी इमारत उभी राहत होती. तिचा दुसरा मजला त्यांनी चित्रांना दिला. ८ जानेवारी १९५२ रोजी ब्रिजस्टोन कलासंग्रहालय उघडले. सरकारचे आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय त्याच भागात त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरू झाले, तर पाश्चात्त्य कलेचे राष्ट्रीय संग्रहालय १९५९ मध्ये. तोवर टोकियोतील विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना फ्रेंच चित्रे नियमित पाहण्यासाठी हा मजला मोठा आधार होता.

खासगी संग्रहाचे पुढे काय झाले?

धंदा बुडाला किंवा वारसांत वाटणी झाली, तर खासगी संग्रह फुटतो. आओकींच्या चित्रांबाबत शिक्षकांना हीच चिंता होती. इशिबाशींनी १९५६ मध्ये प्रतिष्ठान स्थापन केले आणि १९६१ मध्ये आपल्या संग्रहाचा मोठा भाग त्याला देऊन टाकला. कुरुमेला त्यांनी संग्रहालयासह सांस्कृतिक केंद्र दिले. व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनातील जपानचे दालन आणि १९६९ मध्ये खुली झालेली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची इमारत हीदेखील त्यांचीच देणगी. १९६२ मध्ये त्यांच्या संग्रहातील फ्रेंच चित्रे पॅरिसमध्ये प्रदर्शनासाठी गेली.

आज तिथे काय आहे?

११ सप्टेंबर १९७६ रोजी इशिबाशींचे निधन झाले. जुनी इमारत पाडण्यासाठी संग्रहालय २०१५ मध्ये बंद झाले. जानेवारी २०२० मध्ये त्याच जागी उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर ते ‘आर्टिझोन’ या नावाने पुन्हा उघडले. दारावर आता कंपनीचे नाव नाही. कुरुमेचे संग्रहालय २०१६ मध्ये नगरपालिकेकडे गेले आणि तिथला प्रतिष्ठानचा संग्रह टोकियोत आला. त्यामुळे आओकींचे कोळी गावापासून दूर गेले खरे, पण त्यांची चित्रे विखुरली नाहीत.